पाखऱ्याच्या गळ्यातली चिप

हौशीराम अण्णांनी घड्याळाच्या पेटीत वाकून पाहिलं, मग मान वर करून दादाभाऊकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे गाडा सुटायच्या आधीच पोचला?"

"पोचला न्हाई अण्णा. घड्याळ म्हणतंय पोचला," दादाभाऊ म्हणाला.

"मग घड्याळ खोटं बोलतंय."

"खोटं न्हाई बोलत. चौघं एकदम बोलत्यात, म्हणून घोळ व्हतोय."

बोरी बुद्रुकच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष या नात्याने हौशीराम अण्णांना बरंच काही समजून घ्यावं लागत असे, पण हे जरा जास्तच होतं. दादाभाऊचं टीव्ही आणि मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आणि त्या दुकानात दिवाळीपासून चाललेला हा उद्योग. यात्रेतल्या बैलगाड्याच्या शर्यतीसाठी आपोआप चालणारं घड्याळ! घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीच्या, खालच्या टोकाला एक किरणाचा डोळा, वरच्या टोकाला दुसरा. लोकांना दिसेल असा मोठा आकड्यांचा बोर्ड आणि माइकच्या मांडवात पुकारणाऱ्यापुढे एक छोटा. गाडा सुटला की घड्याळ चालू, गाडा पोचला की बंद. मध्ये माणसाचं बोट नाही.

"हे बघा," दादाभाऊ समजावू लागला, "दोन डोळं आन दोन बोर्ड, चौघंबी तारंवरनं एकामागं एक आकडं धाडत बोलत्यात. आन माझ्या मेन बोर्डाला कान एकच. चौघांसाठी चार कान पायजेत. तशी चिप येती, चार चॅनलची सिरियल चिप. ती तेवढी मिळाली की झालं."

"एका कानात चौघं बोलल्यावर काय व्हतं ते मला नको सांगू," अण्णा म्हणाले. "माझ्या घरात दोन सुना हायेत. चिप आण. यात्रा तोंडावर आलीय."

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? इतकी वर्षं सगळे घाट स्टॉपवॉचवर चालले, यांचंच काय अडलं? तर दादाभाऊच्या बायकोचं माहेर अडलं होतं.

झालं होतं असं. मागच्या यात्रेत स्टॉपवॉच दादाभाऊच्याच हातात होतं. पळायची बारी होती त्याच्या मेव्हण्याची, आणे गावच्या बहिरूची. बहिरूचा गाडा असा काही सुटला की लोकांनी टोप्या उडवल्या. गाडा वरच्या रेषेवर आला, धुरळ्याचा लोट उठला आणि नेमका त्याच क्षणी दादाभाऊ शिंकला. अंगठा किंचित उशिरा पडला की नाही हे देवालाच ठाऊक. पण बहिरूचा घाटाच्या राजाचा मान थोडक्या पॉइंटांनी, म्हणजे सेकंदाच्या काही भागांनी, गेला आणि पलीकडच्या गावाला मिळाला.

"दाजी, तुमी शिंकलात आन माझी बैलं हरली!" बहिरू भर घाटावर ओरडला. "जिथं माणसाच्या अंगठ्यावर टाइम ठरतो, तिथं माझा गाडा येणार न्हाई. आन तुमीबी माझ्या दारात येऊ नका."

दादाभाऊची बायको मोहिनी तिथंच उभी होती. तीही त्याच आईची लेक. "बोलावल्याबिगर मीबी पाय टाकणार न्हाई," ती म्हणाली आणि खरोखरच गेली नाही. आई म्हाळसाबाईकडे स्वतःचा फोन नव्हता, घरातला एकच फोन बहिरूच्या खिशात. दिवाळी आली. भाऊबीजेला मोहिनीने अंगणात पाट मांडला आणि चंद्राला ओवाळलं. भाऊ धडधाकट, आणे गाव गाडीवर तासाभराच्या आत, आणि बाई चंद्राला ओवाळतेय! दादाभाऊ उंबऱ्यातून पाहत होता. त्याला इतकं वाईट वाटलं की तो त्या दिवशी करंजीलाही नको म्हणाला. अंगठाच नको ना, मग अंगठाच काढून टाकतो, असं त्याने त्याच दिवशी ठरवलं आणि घड्याळ करायला घेतलं.

म्हणून चिप हवी होती.

नारायणगावच्या दुकानदाराने 'चार चॅनल' एवढंच ऐकलं आणि कॅमेऱ्यांचा मोठा डबा काउंटरवर ठेवला. "चार कशाला, आठ चॅनलचा न्या. बिबट्या आला तरी दिसंल."

"कॅमेरा नको, चिप पायजे."

"चिप सुटी कोण घेतं राव?" दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती.

ऑनलाइन मागवलेली आली ती एका चॅनलची निघाली. दुसरीकडे विचारलं तर परदेशातून यायला पाऊसकाळ उजाडेल म्हणाले. इंटरनेटवरच्या एका शहाण्याने सल्ला दिला की मेन बोर्डच बदला, नव्या बोर्डाला चार कान असतातच. ज्या बोर्डावर दिवाळीपासून डोकं आपटलं तो आता यात्रा तोंडावर आल्यावर बदला म्हणे! दादाभाऊने त्या शहाण्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. पुण्यातल्या दुकानांत भोसरीचा चुलतभाऊ सुभाष फिरला. "ती बंद झाली," "ती कधीच बंद झाली" आणि "ती काय असते?" अशी तीन प्रकारची उत्तरं त्याला मिळाली.

आणि मग एके दिवशी सुभाषचाच फोन आला. "दादा, घावली! भंगारात जुना कॉम्प्युटर फोडत व्हते. त्यातल्या कार्डावर तुझ्याच नंबरची चिप हाय. खोबणीत बसवलेली व्हती, अलगद निघाली."

दादाभाऊ उभ्या जागी नाचला. "हात लावू नको तिला! आपल्या अंगातला करंट लागला तरी मरती ती. काळ्या फोममध्ये खोच आन स्टीलच्या डब्यात घाल. झाकण घट्ट पायजे."

सुभाषची बायको आरती हिने डब्याचं मोहिनीला विचारलं. दोघी जावांचं फोनवर बोलणं झालं, डबा ठरला. सुभाषला एका साखरपुड्यासाठी पेठला यायचंच होतं. तिथे पुणे-नाशिक रस्त्यावर त्याला ऋतिक भेटला. मार्केटला टोमॅटो पोचवून रिकामे कॅरेट घेऊन परत निघालेला पिकअपवाला. सुभाषने डबा त्याच्या हवाली केला, कुणाला द्यायचा ते सांगितलं, फोन नंबरही दिला.

दादाभाऊ दिवसभर घाटावर बोर्डाचे खांब रोवत होता. संध्याकाळी घरी आला तो हात न धुताच म्हणाला, "डबा कुठंय?"

"कसला डबा?" मोहिनी भाकरी थापत म्हणाली.

त्याने ऋतिकला फोन लावला.

"पोचवला की भाऊ, दुपारीच," ऋतिक म्हणाला. "आण्याला."

"आण्याला? अरं बोरीत द्यायचा व्हता!"

"आता तुमच्या भावानं नाव सांगितलं, पण मंचरला च्या पिला आन नाव गेलं डोक्यातनं. मग डबा बघितला. डब्यावर नाव घातलंय की ठळक. म्हाळसाबाई, मुक्काम आणे. ज्याचं भांडं त्याच्या घरी. आन मी फोनबी केला व्हता तुमाला."

"मला न्हाई आला फोन!"

"तुमचा फोन घरी चार्जिंगला व्हता," मोहिनी चुलीकडूनच म्हणाली. "भाकरी गार व्हतीय."

दादाभाऊने फोन ठेवला. अख्ख्या जुन्नर तालुक्यात ज्या एका दारात त्याला पाऊल टाकायची बंदी होती, नेमक्या त्याच दारात त्याची चिप जाऊन पडली होती. डबा म्हाळसाबाईचाच, हे खरं. भांडणाच्या आधी तिने त्यातून लेकीला बाजरीच्या खारोड्या पाठवल्या होत्या. मग मोहिनीने त्यातूनच आरतीला लाडू धाडले. भांडी गावोगाव हिंडतातच. म्हणून तर त्यांच्यावर नावं घालतात.

तिकडे आण्यात काय झालं ते नंतर कळलं. म्हाळसाबाईने डबा पाहिला आणि तिला भरून आलं. लेकीने डबा परत धाडला! मग तिने झाकण उघडलं. आत काही नाही. म्हणजे लाडू नाही, शेव नाही, मूठभर शेंगदाणेसुद्धा नाहीत. एक काळा फोमचा तुकडा आणि त्यात रोवलेली चारी बाजूंनी पाय असलेली काळी चौकोनी वस्तू.

"डबा रिकामा धाडला गं बया!" म्हाळसाबाई कपाळाला हात लावून बसली. "संपलं. लेकीनं नातं तोडलं. वैऱ्याचासुदिक डबा कुणी रिकामा धाडत न्हाई."

बहिरूने ती वस्तू बोटांत धरली, उजेडात फिरवली आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला.

"आये, रिकामा न्हाई धाडला. हे घड्याळातलं हाय. त्या स्टॉपवॉचाच्या पोटातलं. दाजींनी घड्याळ फोडलं आन त्याचं काळीज काढून आपल्याकडं धाडलं. माफी मागितलीय माणसानं! तोंडानं न्हाई मागता येत एकेकाला."

"खरं म्हणतोस?"

"मग? ज्यानं घात केला तेच काढून दिलं. आता डबा रिकामा न्हाई जायचा आपला."

दुसऱ्या दिवशी ऋतिक डबा घेऊन दादाभाऊच्या दुकानापुढे हजर झाला. दादाभाऊने देवाचं नाव घेऊन झाकण काढलं. आत काठोकाठ खारोड्या होत्या. त्याने सगळ्या परातीत ओतल्या, एकेक चाळली, डबा उलटा करून ठोकला. चिप नव्हती. तेवढ्यात फोन वाजला आणि मोहिनीने तो स्पीकरवर टाकला.

"दाजी," पलीकडून बहिरूचा जड आवाज आला, "पोचला तुमचा निरोप. मन मोठं लागतं राव असं करायला. मीबी त्या दिवशी नको ते बोललो."

"कसला निरोप?" दादाभाऊच्या तोंडून गेलंच.

"आता लाजू नका. घड्याळाचं काळीज काढून दिलंत, आजून काय पायजे? मोहे, हायस का तिथं? आय बोलायचं म्हणती."

मोहिनीने फोन कानाला लावला. "आये" एवढंच म्हणाली. डोळ्यांना पदर लावून ती नुसती हुंकार देत राहिली. दादाभाऊ परातीपुढे बसून पाहत होता. 'ती माफी नव्हती, माझी चिप परत द्या' एवढं एक वाक्य त्याच्या जिभेवर होतं. त्याने एक खारोडी तोंडात टाकली आणि ते वाक्य तिच्याबरोबर गिळून टाकलं.

फोन पुन्हा हातात आल्यावर त्याने जपून विचारलं, "पावणं, ती वस्तू… नीट ठेवलीय न्हवं?"

"नीट म्हंजे? पाखऱ्याच्या गळ्यात बांधलीय! ज्या घड्याळानं त्याला हरवलं त्याचंच काळीज त्याच्या गळ्यात. यंदा बघा कसा पळतो!"

अंगातला करंट लागू नये म्हणून जिला हात लावायचा नव्हता, ती चिप आता बैलाच्या गळ्यात होती.

रविवारी दोघं आण्याला गेली. वर्षभराने मोहिनी माहेरी जात होती, डबा लाडवांनी भरून. म्हाळसाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला जवळ घेतलं आणि जावयाला बाजेवर बसवून आमटी-भाकरी वाढली. जेवण होताच दादाभाऊ गोठ्याकडे सरकला. पाखऱ्या ऐटीत रवंथ करत उभा. गळ्यात घुंगरांच्या मधोमध लाल दोऱ्यात चिप. तिच्यावर हळद-कुंकू लावलेलं, एका बाजूचे पाय वाकलेले. पाखऱ्याने मान हलवली की ती घुंगराच्या पितळेवर खणखण आपटत होती आणि दादाभाऊच्या काळजाला घरं पडत होती.

"पावणं, मी काय म्हणतो," त्याने सुरुवात केली, "ही वस्तू नाजूक हाय. मी घरी नेऊन जरा…"

"दिलेलं परत नेता व्हय दाजी?" बहिरू हसला. "आयला काय वाटंल?"

तेवढ्यात घरातून मोहिनीचं हसणं ऐकू आलं. आईच्या मांडीशी बसून ती कशावर तरी खिदळत होती. असं हसणं दादाभाऊने वर्षभर ऐकलं नव्हतं. ते किती छान असतं हेही तो विसरून गेला होता.

"न्हाई, नेत न्हाई," तो म्हणाला. "कुंकू जरा कमी लावा, एवढंच."

बोरीला आल्यावर त्याने अण्णांना सरळ सांगून टाकलं की चिप नाही, घड्याळ होत नाही.

"मग टाइम कोण घेणार?" अण्णा भडकले. "आन तुझा तो मेव्हणा? तो अंगठ्यावर पळणार न्हाई म्हणतो!"

अण्णांनी स्वतःच बहिरूला फोन लावला. दोन मिनिटांनी त्यांनी तो खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"म्हणतोय, दाजींशिवाय दुसऱ्या कुणाचा अंगठा असंल तर गाडा येणार न्हाई. अरं काय माणसं हायेत रं तुमी?"

यात्रेच्या दिवशी दादाभाऊ नाकाला ओलं फडकं बांधून रेषेवर बसला. घाट माणसांनी फुलला होता. पुकारणारा माइकवर गाडामालकांची नावं घेत होता. बऱ्याच बाऱ्या झाल्या. पलीकडच्या गावचा गाडा जोरात पळून गेला. मग बहिरूची बारी आली. निशाण पडलं, गाड्यापुढे धावणारी घोडी उधळली, मागून बैलं सुटली. दादाभाऊला गर्दी दिसेना की धुरळा दिसेना, त्याला फक्त रेषा दिसत होती. शिंक नाकापर्यंत आली. त्याने दातांखाली जीभ धरली, अंगठा दाबला आणि मगच शिंकला.

त्याने आकडा पाहिला. बहिरू पुन्हा हरला होता. पुन्हा थोडक्या पॉइंटांनी, पुन्हा पलीकडच्याच गावाकडून.

पुकारणाऱ्याने टाइम सांगितला. बायकांच्या घोळक्यात मोहिनी म्हाळसाबाईचा हात धरून उभी होती. बहिरू गर्दीतून वाट काढत दादाभाऊकडे आला, त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टाइम बरोबर हाय. दाजी आधी शिंकलं न्हाईत."

"तू बघत व्हतास?" अण्णांनी विचारलं.

"मी गाड्याकडं बघितलंच न्हाई. सगळी बारी दाजींच्या नाकाकडंच बघत व्हतो."

लोक हसले, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि विषय मिटला. जाताना बहिरूने पाखऱ्याच्या गळ्यातला दोरा कोयत्याने कापला. "हिचा काय गुण आला न्हाई दाजी," तो म्हणाला. म्हाळसाबाईने लाडवांचा डबा परत द्यायला आणलाच होता, पण त्यात भरायला घेतलेली भजी-जिलेबी पाव्हण्यारावळ्यांत संपली होती. "आता रिकामा कसा द्यायचा?" असं म्हणून बहिरूने ती चिप डब्यात टाकली आणि डबा दादाभाऊच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाभाऊ दुकानात बसला. दातांच्या जुन्या ब्रशने त्याने चिपवरचं कुंकू काढलं, चिमट्याने वाकलेले पाय सरळ केले आणि देवाचं नाव घेऊन ती खोबणीत दाबली. ती मेलीच असणार याची त्याला खात्री होती. त्याने बटण दाबलं, खालच्या डोळ्यापुढून हात फिरवला. बोर्डावर आकडे पळू लागले. वरच्या डोळ्यापुढून हात फिरवला. आकडे जागच्या जागी थांबले. माइकच्या छोट्या बोर्डावर तोच टाइम. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. चौघं चार कानांत बोलत होते.

"मोहिनी! अगं ये, चालू झालं!"

मोहिनी हात पुसत आली. तिने आकडे पाहिले, पण तिच्या तोंडावर आनंद काही दिसला नाही.

"चांगलंय," ती म्हणाली. "काल चालू असतं तर?"

"तर काय? टाइम अगदी अचूक आला असता."

"आन भाऊ अचूक हरला असता. मग राग कुणावर काढला असता त्यानं? घड्याळ तुमीच केलेलं, म्हंजे तुमच्यावरच. माणूस निदान फडकं बांधतो, जीभ चावतो. त्याला माफ तरी करता येतं. मशीनला कसं माफ करायचं?"

दादाभाऊने हातातला चिमटा खाली ठेवला. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळू लागलं.

"आरतीनं डबा कुठला घेऊ म्हणून तुलाच इचारलं व्हतं ना?"

"व्हय."

"आन त्या ऋतिकचा फोन?"

मोहिनीने डबा उचलला, आतून पदराने पुसला. "मीच उचलला. म्हणाला, कुणाकडं देऊ? मी म्हणलं, डब्यावर नाव हाय ना, तिथंच द्या." तिचा आवाज जरा बारीक झाला. "तुमची चिप अडकावी असं मनात नव्हतं. मला वाटलं, डबा उघडतील, ती वस्तू बघतील आन हे काय हाय म्हणून इचारायला फोन करतील. एक फोन यावा, एवढंच व्हतं."

दादाभाऊला रागवायचं होतं, पण राग काही येईना. त्याऐवजी त्याला तो पाट आठवला आणि चंद्र आठवला. "आधी सांगायचंस की मला," तो एवढंच म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमी मधल्या मधी वाटेतच डबा अडवला असता."

हे मात्र खरं होतं. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. "दादाभाऊ हाय का?" हौशीराम अण्णांचा आवाज. दादाभाऊने झटक्यात खांद्यावरचा टॉवेल बोर्डावर टाकला.

अण्णा आत येऊन स्टुलावर बसले. "कमिटी म्हणतीय, यंदा निभावलं, पण पुढच्या यात्रेला तरी तुझं घड्याळ व्हईल का? दर वर्षी एकाच्या नाकावर सगळा गाव टांगणीला लावायचा म्हंजे काय?"

दादाभाऊने मोहिनीकडे पाहिलं. ती डब्यात चिवडा भरत होती. सकाळीच बहिरूचा फोन आला होता, यंदा भाऊबीजेला चार दिवस आधीच या म्हणून.

"न्हाई ओ अण्णा," दादाभाऊ म्हणाला. "नारायणगाव झालं, पुणं झालं, भंगारसुदिक धुंडाळलं. ती चिपच कुठं मिळंना."